निकाल कळण्याआधीचे दिवस : अनिश्चित काळात देवावर भरवसा कसा ठेवलात? (अनुभव धागा)

नौपाड्याची आजी (धागा सुरू करताना)

मागच्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने मला जिन्यात थांबवून विचारले, “आजी, तुम्ही रोज एवढी पूजा करता, मग संकट आले की तुम्हाला भीती वाटत नाही का?” तिच्या वडिलांची नोकरी गेल्याला चार महिने झाले आहेत आणि घरात त्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही, हे मला ठाऊक होते. तरीही मी तिला जे उत्तर दिले ते इतके गुळमुळीत होते की रात्री अंथरुणावर पडल्यावर माझी मलाच लाज वाटली. म्हणून हा धागा काढते आहे.

एक विनंती आधीच करते. नवस बोललो आणि काम झाले, या प्रकारचे अनुभव कृपया येथे नकोत. प्रसाद न घेतल्यामुळे साधुवाण्याची नौका बुडते आणि प्रसाद घेतल्यावर ती वर येते, हे आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेले आहे. मला हवे आहेत ते मधले दिवस, म्हणजे नौका बुडाली आहे की तरंगते आहे हेच जेव्हा काठावरच्या माणसाला माहीत नसते ते दिवस. त्या दिवसांत तुम्ही काय केलेत, काय म्हणालात, देवावर रागावलात का, हे लिहावे. शेवट सांगितला नाहीत तरी चालेल.

सुरुवात मीच करते. २६ जुलै २००५, मंगळवार. माझा मुलगा तेव्हा मुंबईत कॉलेजला होता. दुपारनंतर गाड्या बंद पडल्या, मग फोन गेले आणि संध्याकाळी वीज गेली. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाल्याचे नंतर छापून आले. त्या रात्री आम्हाला मोजता येत होत्या त्या फक्त तळमजल्याच्या बुडालेल्या पायऱ्या. मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता बूट हातात घेऊन घरी आला, हे मी मुद्दाम आताच सांगून टाकते, कारण मला सांगायचे आहे ते रात्रीबद्दल.

अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तने करायची असे ठरवून मी एका वाटीत एकवीस शेंगदाणे मोजून घेतले आणि एकेक आवर्तन झाले की एक दाणा दुसऱ्या वाटीत टाकू लागले. मध्येच खिडकीशी जायचे, मध्येच जिन्यात कोणाचा आवाज आला की दार उघडायचे, पुन्हा येऊन कुठे राहिले होते ते आठवायचे, असे रात्रभर चालले. तळमजल्यावरचे वृद्ध जोडपे आमच्याकडे वर आले होते, समोरच्या घरातल्या दोन बहिणीही आल्या होत्या, कारण मजल्यावर उजेड होता तो फक्त आमच्या देव्हाऱ्यातल्या समईचा. पहाटे वाटी पाहिली तर तिच्यात आठच दाणे होते. बाकीचे मी जप करता करता खाऊन टाकले होते. आदल्या दुपारपासून पोटात काही गेले नव्हते, आणि हात वाटीकडे जात होता तो मोजायला की खायला, हे मला कळलेही नव्हते.

त्या रात्री मी देवावर भरवसा ठेवला होता असे म्हणणे धाडसाचे होईल. मी फक्त समईत तेल घालत राहिले. सकाळी सुटका झाल्यासारखे वाटले तेव्हा पहिला विचार आला तो ‘देवाने ऐकले’ हाच. पण त्या पावसात ज्यांची माणसे परतली नाहीत, त्यांच्याही घरी कोणीतरी रात्रभर बसलेच असणार. माझे ऐकले म्हटले तर त्यांचे ऐकले नाही असेही म्हणावे लागते, आणि तसे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. वीस वर्षांत मला याचे उत्तर सापडलेले नाही. पूजा मात्र रोज चालू आहे.

कळव्याचा फिटर

ताई, तुमच्या शेंगदाण्यांवरून मला धीर आला, म्हणून लिहितो.

टाळेबंदी हा शब्द बहुतेकांच्या तोंडी २०२० साली आला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कामगारांना तो त्याच्या कितीतरी आधीपासून पाठ होता. १९९६ च्या दिवाळीनंतर एका सकाळी पहिल्या पाळीला गेलो तेव्हा आमच्या कंपनीच्या फाटकावर नोटीस लावलेली होती. मी तेथे सतरा वर्षे फिटर होतो. कंपनीचे नाव लिहीत नाही. आता तेथे काचेची इमारत उभी आहे आणि तिच्यातल्या कोणाला आमची गोष्ट माहीत असण्याचे कारण नाही.

मुलगी त्या वर्षी दहावीला होती. तिचे चित्त ढळू नये म्हणून आम्ही नवरा-बायकोने तिला काही सांगितले नाही. मी रोज डबा घेऊन निघायचो. मंगळवार ते शनिवार युनियनच्या कचेरीत, ओळखीच्या वर्कशॉपांत, कामाच्या शोधात जायचे. सोमवारी कळव्याचा पूल पायी ओलांडून जांभळी नाक्याला कोपिनेश्वराच्या देवळात. खरे सांगायचे तर भक्ती हे पहिले कारण नव्हते. डबा घेतलेल्या माणसाला कोणी ‘काय करता’ असे न विचारता चार तास बसू देईल, अशी ठाण्यात त्या वेळी फार जागा नव्हती.

कोपिनेश्वराचे दर्शन ज्यांनी घेतले आहे त्यांना ती पिंडी किती मोठी आहे हे सांगायला नको. चार फुटांहून अधिक उंचीची ती पिंडी गाभाऱ्यात उतरून जवळून पाहिली की आपण काही मागायला आलो आहोत हेच क्षणभर सुचत नाही. सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० मध्ये देवळाचा जीर्णोद्धार केला, हे मी तेथे बसून बसूनच वाचून पाठ केले. बेरोजगार माणसाला वाचायला वेळ फार असतो.

देवळाबाहेर एक मावशी बेल-फुले विकत. जानेवारीतल्या एका सोमवारी माझ्या खिशात परतीच्या वाटेवर मुलीसाठी आणायच्या पेनच्या रिफिलीपुरतेच पैसे होते, म्हणून मी त्यांच्यासमोरून मान खाली घालून निघालो. त्यांनी हाक मारून बेलाची जुडी पुढे केली. मी म्हणालो, देवाला उधारीवर वाहणे मला बरे वाटत नाही. त्या म्हणाल्या, “न्या हो दादा, संध्याकाळपर्यंत हा सुकतोच.” एवढेच. त्या बोलण्यात ना उपदेश होता ना दया, आणि म्हणूनच मला ती जुडी घेता आली.

पुढे श्रावणात मी एकदाही गेलो नाही. ज्या महिन्यात सगळे ठाणे महादेवाला जाते, नेमका त्याच महिन्यात मला त्याचे तोंड पाहावेसे वाटेना. तोपर्यंत मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली होती, अकरावीची फी भरायची होती, बायको पोळी-भाजीचे अकरा डबे करून देत होती आणि मी पायऱ्यांखाली स्टूल टाकून मिक्सर व इस्त्र्या दुरुस्त करत होतो. रात्री झोपताना मी त्याला मनात शिव्या देत असे. त्या येथे लिहिण्यासारख्या नाहीत. पण आता वाटते, जो नाहीच असे आपण मानतो त्याला कोणी रोज रात्री शिव्या देत नाही.

पुन्हा कधी जाऊ लागलो ते आठवत नाही. कंपनी उघडलीच नाही. हिशेबाचे पैसे नऊ वर्षांनी मिळाले, तेही अपुरे. मधल्या काळात केव्हातरी मी नोकरी मागायचे थांबवले, ते वैराग्याने नव्हे तर निव्वळ कंटाळून; आणि मागायला काही उरले नाही तेव्हा नुसते बसणे उरले. सोमवारी मी अजूनही जातो आणि बसतो. त्या मावशी आता नाहीत, त्यांची सून बसते.

खारघर, सेक्टरचा आकडा सांगत नाही

लग्नाला अकरा वर्षे झाली, मूल नाही. उपचार चालू आहेत. त्यांच्याबद्दल येथे लिहिणार नाही.

मला सांगायचे आहे ते हे की या काळात मला देवाचा राग कधी आला नाही, त्याच्या वकिलांचा मात्र फार आला. सोळा सोमवार करा, अमक्या तीर्थाला जा, तमक्या दिवशी हिरव्या बांगड्या भरा, संतानगोपाळ मंत्राचा जप करा, असे सांगणारे लोक प्रेमानेच सांगतात, हे मी जाणते. पण प्रत्येक उपायामागे एक न बोललेले वाक्य असते की अजून तू पुरेसे केलेले नाहीस. तीन वर्षांपूर्वी मी सगळे उपास एकदम सोडले आणि सासूबाईंना तसे सांगितलेही. मला वाटले होते, घरात मोठे वादळ होईल. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “बरे झाले. तुझ्याबरोबर मीही धरत होते. मला पित्त होते.” आम्ही दोघी त्या दिवशी पोट भरून साबुदाण्याची खिचडी खाल्ली, उपास नसताना.

संध्याकाळी दिवा लावते, हात जोडते. काही मागत नाही.

दिवाळे कोळीवाडा

ही गोष्ट माझ्या आईची आहे. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिला विचारून मी लिहिते आहे.

११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान वादळ आले. वादळाची नावे आता सर्वांना पाठ असतात, मोबाइलवर चार दिवस आधी इशारे येतात आणि बोटी परत बोलावल्या जातात; तेव्हा तसे नव्हते. बाबा, माझा काका आणि दोन खलाशी असे चौघे तीन दिवसांपूर्वी समुद्रात गेले होते. सकाळपासून आभाळ दाटलेले होते, दुपारनंतर वाऱ्याने पत्रे उडू लागले आणि संध्याकाळी सगळा पाडा बंदरावर येऊन उभा राहिला. आमच्याकडे अशा वेळी रडत नाहीत. रडणे म्हणजे माणूस गेला असे आपणच ठरवणे.

आई थोडा वेळ उभी राहिली आणि घरी येऊन तिने तांदूळ काढले. आम्ही घरात तिघी होतो : आई, आजी आणि मी. तिने सात जणांचे तांदूळ मोजले. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, आणि मला तिचे डोके फिरले की काय अशी भीती वाटली. मी म्हणाले, कोण खाणार एवढा भात? ती म्हणाली, “एकवीरा आई हाय. तू चूल पेटव.” भात झाला, बोंबलाचे कालवण झाले, चार ताटे झाकून ठेवली. सकाळी तो भात तिने शेजारच्या मुलांना घातला आणि दुपारी पुन्हा सात जणांचे तांदूळ मोजले. असे दोन दिवस चालले. मापातून तांदूळ ओतताना ती पुटपुटत मोजायची, ते मी जवळून ऐकले आहे. तिसऱ्या मापापर्यंत तिचा आवाज नेहमीसारखा असायचा, चौथ्यापासून तो खाली जायचा आणि सातवे माप ती ओठ न हलवता टाकायची.

आजी ओटीचे खण हातात घेऊन बसून होती. कार्ल्याला चैत्राच्या यात्रेला न्यायचे म्हणून ते घडी घालून ठेवले होते. आईला मात्र त्या दोन दिवसांत देव्हाऱ्यासमोर बसलेले मी पाहिले नाही.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका नाखव्याकडून निरोप आला की आमची बोट रायगडच्या एका खाडीत शिरली आहे, माणसे सुखरूप आहेत, जाळी गेली. बाबा घरी आले तेव्हा आईने त्यांना काही विचारले नाही; ताटावरचे झाकण काढले. मग तिने आपल्या पाटल्या विकल्या आणि बोटीवर बिनतारी संच व चार लाइफ जॅकेटे आणायला लावली. बाबा म्हणाले, आईवर भरवसा आहे ना तुझा? तेव्हा ती जे म्हणाली ते आमच्या घरात अजून म्हणीसारखे वापरले जाते : “आईनं कान दिलेत ते रेडिओ ऐकायलाच.”

ऐरोलीकर

धागा मनापासून वाचतो आहे. मी देव मानत नाही. तरीही लिहू का, असे आधी विचारायला हवे होते, पण विचारल्यावर तुम्ही हो म्हणाल असे गृहीत धरून लिहितो.

आजींच्या घरी समईभोवती शेजारी जमले, काकांना मावशींनी बेल दिला, पाड्यातल्या मुलांनी भात खाल्ला. मला या प्रत्येक अनुभवात माणसे दिसतात, देव दिसत नाही. माझे वडील आजारी असताना माझ्याही वाट्याला अशी माणसे आली, आणि मी त्यांनाच नमस्कार केला. तेवढ्याने माझे भागले. हे वाद घालण्यासाठी लिहिलेले नाही.

नौपाड्याची आजी

ऐरोलीकर, वाद मुळीच नाही. तुम्ही लिहिलेत हे बरे केलेत. समई नसती तर ती माणसे जमली असती का, असा उलट प्रश्न मला सुचला होता, पण मेणबत्ती असती तरी जमली असती हे मला मान्य करावे लागेल. समईत तेल घालताना मला जे वाटत होते ते मेणबत्ती पेटवताना वाटले नसते, एवढेच मी म्हणू शकते. ते वाटणे म्हणजे काय, हे सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

पाचपाखाडी, सध्या भाड्याने

आमची इमारत २०१४ मध्ये पुनर्विकासासाठी रिकामी केली. दीड वर्ष भाडे मिळाले, मग बंद झाले. विकासकाचे नाव घेत नाही. प्रकरण न्यायालयात आहे. तेव्हापासून आम्ही सात घरे बदलली. प्रत्येक वेळी शेवटचे काम देव बांधण्याचे असते. खंडोबाचा आणि भवानीचा टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि शाळिग्राम हे सगळे दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात, आईच्या जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवतो, आणि तो डबा टेम्पोत न टाकता सौभाग्यवती मांडीवर घेऊन रिक्षाने येतात. चौथ्या घरात देव्हाऱ्याला जागाच नव्हती म्हणून देव वर्षभर डब्यातच राहिले. रोज सकाळी झाकण उघडून हळद-कुंकू वाहून पुन्हा झाकण लावत असू. तेही आमच्यासारखेच भाडेकरू झाले. देव बेघर असताना त्याच्याकडे घर मागणे मला संकोचाचे वाटते.

वाशीची सिस्टर

मी परिचारिका आहे. एप्रिल आणि मे २०२१ मध्ये वाशीच्या सिडको एक्झिबिशन सेंटरमध्ये उभारलेल्या कोविड केंद्रात माझी ड्यूटी होती. जेथे एरवी प्रदर्शने भरतात त्या उंच छपराच्या दालनात ओळीने खाटा होत्या. देवळे तेव्हा पुन्हा बंद झाली होती. पीपीई किटमध्ये शिरल्यावर आपल्याला नीट हातही जोडता येत नाहीत. दोन थर हातमोजे, त्यांच्यावर चिकटपट्टी. मनातल्या मनात जे म्हणायचे ते म्हणायचे आणि कामाला लागायचे.

एक बाबा होते, वय सत्तरीचे. गळ्यात तुळशीची माळ. एक्सरेसाठी ती काढावी लागली. ज्यांना वारकऱ्यांची रीत माहीत आहे त्यांना कळेल की ही लहान गोष्ट नव्हे. माळ एकदा घातली की ती आयुष्यभरासाठी. ते काही बोलले नाहीत, त्यांनी स्वतःच ती काढून माझ्या हातात दिली. मी ती प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर खाटेचा क्रमांक लिहिला आणि त्यांच्या उशाच्या खणात ठेवली. पुढे ऑक्सिजनच्या नळ्या आणि मास्क यांमुळे ती गळ्यात घालता येईना.

त्या दिवसापासून मी ड्यूटीवर आले की ते एकच विचारायचे, “माउली, माळ आहे ना?” मी खण उघडून पिशवी दाखवायचे. कधी ऑक्सिजनचे प्रमाण ८८ वर आलेले असायचे, पालथे झोपवलेले असायचे, मान वळवायलाही त्रास व्हायचा, तरी प्रश्न तोच. आदल्या वर्षी, २०२० मध्ये, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या होत्या आणि पायी वारी झालीच नव्हती. त्याबद्दल एकदा बोलताना ते म्हणाले की तीस वर्षे चाललो, त्या वर्षी घरात बसून रोज तेवढी पावले अंगणात चाललो. मी विचारले, यंदा? ते म्हणाले, “यंदा तुम्ही उठवाल तेव्हा.”

मला त्यांच्यासारखा भरवसा नव्हता. मी मॉनिटरकडे पाहायचे, आकडे लिहायचे, आणि आकड्यांवरून मला जे दिसत होते ते त्यांच्या प्रश्नाशी जुळत नसे. पण दिवसातून दोनदा तो खण उघडताना मला वाटायचे की निदान ही एक गोष्ट अशी आहे जिच्याबद्दल मी कोणाला खात्रीने ‘आहे’ म्हणू शकते. त्या दोन महिन्यांत अशी खात्री दुसऱ्या कशाचीच नव्हती.

एका सकाळी आले तेव्हा खाट रिकामी होती. रात्री त्यांना अतिदक्षता विभाग असलेल्या दुसऱ्या रुग्णालयात हलवले होते. मी खण उघडून पाहिला. पिशवी सामानाबरोबर गेली होती. पुढे काय झाले ते मला कळले नाही. शोधता आले असते, पण मी शोधले नाही.

तलावपाळीजवळून

आम्ही मराठी ख्रिस्ती. यजमानांचे डायलिसिस सहा वर्षे चालू आहे, आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास. लहानपणापासून रोज म्हणत आलेल्या प्रार्थनेत आम्ही देवाकडे भाकर मागतो ती फक्त आजची, हे इतकी वर्षे म्हणूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. ते आले डायलिसिसच्या बाहेरच्या बाकावर. तेथे मंगळवारी बसलेल्या माणसाने शनिवारचा विचार केला तर तो वेडा होईल. मी जपमाळ घेऊन बसते, आणि पुष्कळदा ती हातात तशीच राहून मी शेजारच्या बाईंशी भाजीच्या भावाबद्दल बोलत असते. फादरना हे सांगितले तर ते हसले.

कामोठ्याचा मुलगा

हा धागा मी काल रात्री वाचला आणि आता खारघरच्या रुग्णालयातल्या बाकावर बसून लिहितो आहे. माझ्या बाबतीत शेवट सांगण्याचा प्रश्नच येत नाही, कारण तो अजून झालेला नाही. आईच्या बायोप्सीचा रिपोर्ट गुरुवारी मिळणार होता. आता सोमवारी मिळेल आणि त्याच दिवशी डॉक्टर पुढचे ठरवतील.

आई शेजारीच बसली आहे. तिच्या पिशवीत फाइल, पाण्याची बाटली, पोळीचा डबा आणि हरिपाठाची जुनी वही आहे. वही उघडून मांडीवर ठेवली आहे, पण गेला अर्धा तास पान उलटलेले नाही. मी तिला या धाग्यातले काही अनुभव वाचून दाखवले. कोळीणबाईंच्या सात मापांवर ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, तू काय लिहितो आहेस? मी म्हटले, काय लिहू तेच सुचत नाही. ती म्हणाली, “त्या पोरीने आजींना विचारले ना, भीती वाटत नाही का म्हणून? तिला लिही, वाटते. वही उघडी आहे तरी वाटते.”

आमचा नंबर पुकारतील असे वाटते. नंतर लिहितो.

कळव्याचा फिटर

बाळा, सोमवारी मी कोपिनेश्वराला जाणारच आहे. आईंचे नाव सांगायची गरज नाही. डॉक्टर किती वाजता बोलावणार आहेत तेवढे येथे लिहून ठेव, म्हणजे मी त्या वेळेला उठून निघणार नाही.